पंचवटीत एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या रक्तदाबावर स्मार्टवॉचने लक्ष ठेवता येईल का?

सावध करण्यापुरते घड्याळ उपयोगी आहे. रक्तदाब मोजायला मात्र दंडाला पट्टा बांधण्याचे यंत्रच हवे, आणि वडिलांच्या उच्च रक्तदाबाचे निदान आधीच झाले असेल तर घड्याळाची उच्च रक्तदाबाची सूचना त्यांच्यासाठी नाहीच. ॲपल वॉचमधील ज्या सुविधेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली, ती मनगटावर प्रकाश टाकून प्रत्येक ठोक्याला रक्तवाहिन्या कसा प्रतिसाद देतात हे ३० दिवस पाहते आणि उच्च रक्तदाबाची शक्यता असल्याचे तेवढे कळवते. १५०/९५ असा आकडा ती देत नाही. सॅमसंगच्या घड्याळात आकडा दिसतो, पण ते दर २८ दिवसांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवावे लागते, म्हणजे पट्ट्याचे यंत्र लागतेच. स्वस्त घड्याळांवरील आकड्यांवर तर मुळीच विसंबू नये: नाशिकरोडला माझ्या औषधांच्या दुकानात एका गृहस्थांच्या घड्याळावर ११८/७८ दिसत असताना आमच्या यंत्राने १५२/९४ दाखवले होते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजले तरी फारसा फरक पडला नाही. सूचना आलीच, तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून आणि चहा-तंबाखूनंतर किमान अर्धा तास जाऊ देऊन मोजावे व ती वही डॉक्टरांना दाखवावी. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल तर ती जास्त समजतात. मात्र सूचना आली नाही म्हणून रक्तदाब ठीक आहे असे धरू नये, कारण ही घड्याळे बरेच रुग्ण टिपत नाहीत.