काँक्रीटमध्ये माणसाचे केस टाकले तर ताकद खरंच वाढते का? किती टक्के टाकायचे, आणि एपॉक्सीतही चालतात का?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. डिप्लोमाला मी हाच प्रोजेक्ट केलाय आणि केस आमच्याच दुकानातले होते, गावात तात्यांचं सलून आहे.

सोमवारी दुकान बंद, त्यामुळे रविवारचे केस पोत्यात भरून ठेवायचो आणि सोमवारी आई ते दोनदा साबणाच्या पाण्यातून काढायची, कारण आपल्याकडे डोक्याला खोबरेल चोपडलेलं असतं आणि तेल राहिलं की सिमेंट केसाला धरतच नाही. एम२० च्या मिक्समध्ये (२८ दिवसांनी २० मेगापास्कल दाब सोसेल असं काँक्रीट) सिमेंटच्या वजनाच्या अर्धा, १, दीड आणि २ टक्के असे केस टाकले. २ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण १५० मिमीच्या एका क्यूबला साधारण २५ ग्रॅम केस लागतात, तेवढ्याचा ढीग एकदा समोर ठेवून बघा. मिक्सरमध्ये त्याचे गोळे झाले, आम्ही चौघं घमेल्यात हाताने ते सोडवत बसलो, तरी सुटले नाहीत.

२८ दिवसांनी १ टक्क्यापर्यंत कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे दाब सोसण्यात, फार फरक नव्हता, स्प्लिट टेन्साइल (सिलिंडर आडवा ठेवून दाबून मोजलेली ताणाची ताकद) जरा वर गेलं. पण प्लेन, म्हणजे बिनकेसांचा, सिलिंडर ताडकन दोन तुकडे होऊन पडला आणि केसवाला तडा जाऊनही एकत्र धरून राहिला. तो मी घरी नेला. तात्यांनी फटीत दिसणारे केस चिमटीत धरून ओढून बघितले, निघेनात. मग दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला त्यांनी तो दाखवला.

२ टक्क्यांचे तिन्ही क्यूब मात्र प्लेनपेक्षाही खाली गेले, फोडल्यावर आत गोळ्यांभोवती पोकळ्या दिसल्या. गाईड म्हणाले हे रीडिंग काढा, एक्स्टर्नल (बाहेरून येणारा परीक्षक) उगाच प्रश्न विचारेल, आणि वर 'स्टीलला स्वस्त पर्याय' असं लिहा. मी नको म्हणालो, पण ग्रुपने काढलंच. व्हायवाला एक्स्टर्नलने पहिलाच प्रश्न विचारला, दीड टक्क्यावर का थांबलात? उत्तर माहीत असून मी गप्प उभा राहिलो. ते अजून सलतं.

केस हा सळईचा पर्याय नाहीच. ताण सोसायला केस तसा बरा, साधारण २०० मेगापास्कल, पण ताठपणा बघा: केस ३-५ गिगापास्कल, काँक्रीट २० च्या वर, सळई २००. म्हणजे तडा जाईपर्यंत केसावर फारसा भारच येत नाही, त्याचं काम तडा गेल्यानंतर सुरू होतं, नाहीतर मग ओल्या काँक्रीटला सुरुवातीच्या तासांत पडणाऱ्या बारीक भेगा आवरायला. गाईड म्हणायचे केस कुजत नाहीत, ममीचे केस टिकलेत. अहो, ते कोरड्या वाळवंटात टिकले. सिमेंटच्या आतल्या पाण्याचा पीएच १२.५ च्या वर असतो, म्हणजे ते कडक अल्कली असतं, आणि बाथरूमचा पाइप केसांनी तुंबला की आपण कॉस्टिक सोडाच ओततो ना? केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनचे सल्फरचे बंध अल्कलीत तुटतात. इंग्लंडमध्ये चुन्याच्या गिलाव्यात गुरांचे, बकऱ्यांचे केस शेकडो वर्षं घालत आलेत आणि सुक्या भिंतीत ते टिकलेतही, पण तोच केस ओल्या चुन्यात फार दिवस मुरवला तर सडतो, म्हणून तो कामाच्या तोंडावर मिसळतात. त्यामुळे २८ दिवसांच्या रिझल्टवर 'टिकाऊ' हा शब्द लिहू नका.

एपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, अल्कलीचा हा त्रास नाही, पण केसाचा ताठपणा एपॉक्सीच्याच आसपास येतो, काचेच्या फायबरचा ७० गिगापास्कलच्या पुढे, तेव्हा त्याच्याशी बरोबरी करू नका.

प्रोजेक्ट घ्या, जरूर घ्या. १ टक्क्याच्या आसपास ठेवा, केस थोडे थोडे भुरभुरवत टाका. २ टक्क्यांचे क्यूब तरीही करा आणि पडले तर पडलेलं रीडिंग टेबलात ठेवा, गाईड काहीही म्हणोत. दोन-तीन सिलिंडर वर्षभराने फोडायला पाण्याच्या टँकमध्ये राहू द्या. आणि हो, ब्लीच केलेले केस आधीच कमजोर झालेले असतात, ते दुकानातच वेगळे काढायला सांगा.