पाण्याची बाटली भरलेलीच परत येते

मी मुलांची समुपदेशक. एप्रिल लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, शिबिराचे पैसे भरून बसलोय, पण पोरगा जायलाच तयार नाही. रोज सकाळी रडारड. पाठवू की नको?’ मग आवाज जरा खाली आणून, ‘तिथे नीट बघत असतील ना हो मुलांकडे?’

हल्ली मी या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. पूर्वी तो मी कानामागे टाकायचे. ओममुळे ती सवय मोडली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.)

ओम साडेसहा वर्षांचा, पहिली संपवून दुसरीत जाणारा. आईबाबा दोघंही नोकरीवाले, आजी सांगलीला. त्यामुळे पुण्यात एका शाळेच्या इमारतीत भरणारं साडेनऊ ते पाचचं शिबिर घेतलेलं. तिसऱ्याच दिवशी त्याने गेटपाशी आईचा कुर्ता धरून ठेवला. आईने मला फोन केला आणि मी फोनवरच सल्ला दिला: दारात रेंगाळू नका, निरोप थोडक्यात घ्या, आठवडाभर जाऊ द्या. एरवी हा सल्ला चुकीचा नाही. आईला सोडताना रडणारी बरीच मुलं दहाव्या मिनिटाला खेळात रमतात. पण मी मुलाला न बघता बोलले होते.

चार दिवसांनी पुन्हा फोन. ओमने सलग तीन रात्री गादी ओली केली होती. अडीच वर्षं कोरडा असलेला मुलगा! आजीने सांगलीहून निदान करून टाकलं होतं, ‘रात्री कलिंगड देत जाऊ नका त्याला.’ आईला रडू येत होतं, बाबांना राग. मी म्हटलं, उद्या घेऊन या, आणि तोवर शिबिराला पाठवू नका.

अशा वेळी आईबापांच्या मनात एक भीती असते आणि ती तोंडातून बाहेर पडत नाही. ती माझ्याही मनात होती. पण ‘कुणी हात लावला का रे?’ असं थेट विचारलं तर आपणच उत्तर मुलाच्या तोंडात घालतो. त्याला त्याच्या पद्धतीने सांगू द्यावं लागतं. तसं काही निघालं असतं तर ते माझ्या खोलीत राहिलं नसतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार (2012) ते पोलिसांना कळवणं मला बंधनकारकच आहे. पालकांनी 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा, तो चोवीस तास चालू असतो.

मी ओमला कागद आणि खडू दिले. ‘मला तुझं शिबिर माहीतच नाही. कुठे काय आहे, काढून दाखव ना.’ त्याने झकास नकाशा काढला. हॉल, चपलांचा ढीग, डबा खायची सतरंजी, मातीकामाचं टेबल, दोन ताया आणि शिट्टीवाला दादा. पत्र्यावर बसणारी मांजरसुद्धा होती. मी विचारलं, ‘आणि शू आली की कुठे जायचं?’

त्याने कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, एक छोटा काळा चौकोन काढला आणि खडू खाली ठेवला.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. मुतारी इमारतीच्या मागे, आत अंधार. कडी घट्ट. पहिल्याच दिवशी एक मुलगा आत अडकला आणि बाकीची मुलं हसली. नियम असा, की मध्येच कुणी उठायचं नाही, सुट्टीत सगळ्यांनी एकदम जाऊन यायचं. सुट्टीत पस्तीस मुलांची रांग, मोठी मुलं पुढे घुसणार, ओमचा नंबर लागेपर्यंत शिट्टी. मग त्याने त्याच्या परीने तोड काढली. पाणीच प्यायचं नाही.

आई एकदम म्हणाली, ‘अहो, बाटली रोज भरलेली परत येत होती. मला वाटलं, तिथे फिल्टर असेल.’

मे महिन्यातला उन्हाळा आणि दिवसभर पाणी नाही. घरी आल्यावर तो दोन-तीन ग्लास घटाघटा प्यायचा. लघवी दाबून ठेवणारी मुलं बहुतेकदा शीही दाबतात. पोट कडक होतं, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब आणतं आणि रात्री झोपेत सुटतं. बालरोगतज्ज्ञांनी लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. बद्धकोष्ठता मात्र पक्की होती, त्यावर औषध दिलं. कलिंगड निर्दोष सुटलं.

दुसऱ्या दिवशी आई शिबिरात गेली. जाण्याआधी मी एवढंच सांगितलं होतं, की तक्रार घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. संचालकांनी माहितीपत्रक पुढे केलं: रोबोटिक्स, वैदिक गणित, मातीकाम. आईने विचारलं, ‘मुलं शूला कशी जातात?’ त्यांना खरंच माहीत नव्हतं. उत्तर दिलं ते कॉलेजात शिकणाऱ्या ताईने, खालच्या आवाजात. ‘मॅडम, पस्तीस मुलांना आम्ही दोघीच आहोत. एक जण एका मुलाला घेऊन गेली की इकडे एकटी उरते. आणि दादाला सर मुलांबरोबर जाऊ देत नाहीत, उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून.’

मला त्या ताईचा राग येत नाही. दादाला न पाठवण्यामागची काळजीही रास्त आहे. पण काळजी म्हणून मोठ्यांनी स्वतःचा बचाव केला आणि त्याची किंमत साडेसहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयाने मोजली. तेव्हापासून शिबिराचं माहितीपत्रक दाखवणाऱ्या पालकांना मी उपक्रम विचारत नाही. किती मुलांमागे किती मोठी माणसं? कडी आतून सहज उघडते का? मूल कुणाला न विचारता उठू शकतं का? ताप आला तर फोन कोण करतं? शिबिरात दोर-कडे-नदी असं काही साहसी असेल, तर पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी दाखवायला सांगा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात ती आहे. या प्रश्नांवर जे आयोजक चिडतात, त्यांच्याकडे मी माझं मूल ठेवणार नाही. आणि मुलाला संध्याकाळी ‘आज काय शिकवलं?’ विचारण्यापेक्षा त्याची बाटली हलवून बघा.

त्या संचालकांनी मात्र मनावर घेतलं. कडी बदलली, आत बल्ब लावला आणि वऱ्हांड्यात, मुतारीच्या दारापासून चार पावलांवर, दिवसभरासाठी एक मावशी बसवली. मुलांनी विचारायचं नाही, ताईला हात दाखवून निघायचं. ओम दोन दिवस घरी राहिला, मग आठवडाभर डब्याच्या सुट्टीपर्यंतच गेला. रात्रीची गादी लगेच कोरडी झाली नाही. शाळा सुरू झाली तरी अधूनमधून ओली व्हायची. जुलैत थांबलं.

शेवटच्या भेटीत त्याने तो नकाशा मागून घेतला, उलटा केला आणि काळ्या चौकोनाशेजारी खुर्चीवर बसलेली एक बाई काढली. हातात काहीतरी होतं. मी विचारलं, ‘हे काय?’

‘मोबाईल. मावशी गाणी ऐकते,’ तो म्हणाला. ‘मोठ्याने.’