मामेभावाचा फोन न सांगता रेकॉर्ड केला, तर गुन्हा होतो का?

इंदूरच्या रामबागेतल्या आपल्या एका सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मामेभावाला त्यांनी 2023 मध्ये चार लाख रुपये उसने दिले. आता त्याने फोनवर ते देणे कबूल केले असून ते बोलणे त्याला न सांगता रेकॉर्ड झाले आहे. हा गुन्हा आहे का, आणि इंदूरच्या कोर्टात हे रेकॉर्डिंग चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

गुन्ह्याचे आधी सांगतो. स्वतः सहभागी असलेले बोलणे समोरच्याला न विचारता रेकॉर्ड करणे हा आपल्याकडे कोणत्याही कायद्याने सरसकट गुन्हा ठरवलेला नाही. मुंबईच्या कोरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) एका डॉक्टरकडे लाच मागितल्याच्या मलकानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच म्हटले होते की, बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने झालेले ध्वनिमुद्रण म्हणजे तार कायद्याखालचा चोरून हस्तक्षेप नव्हे. दोन तिऱ्हाइतांचा फोन मधेच पकडणे मात्र निराळे. 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

म्हणूनच, मामा-मामींच्या खोलीत फोन रेकॉर्डिंगवर लावून ठेवा, हा दुसऱ्या एका सदस्यांनी दिलेला सल्ला मला मुळीच पटत नाही. त्या बोलण्यात तुम्ही नाही आणि तिथे कोणाचीच संमती नाही. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानल्यानंतर असला उद्योग अंगाशी येऊ शकतो, आणि चार लाखांपायी मामाचे घर कायमचे तुटेल ते वेगळेच. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2025 च्या निकालाने कोणीही कोणाचेही बोलणे रेकॉर्ड करावे अशी मोकळीक मिळाली, असेही काहींनी लिहिले आहे. तो निकाल पती-पत्नीच्या वादातला होता. वैवाहिक खटल्यात पत्नीशी झालेले संभाषण पतीला पुराव्यात आणता येईल, एवढाच त्याचा विषय होता.

कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र नेमका उलटा आहे. अमेरिकेचा संघीय कायदा एका पक्षाच्या संमतीवर भागवतो, पण कॅलिफोर्नियात गोपनीय बोलण्याला सर्वांची संमती लागते. नाहीतर तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो, शिवाय दिवाणी दाव्यात प्रत्येक उल्लंघनामागे पाच हजार डॉलर मागता येतात. जॉर्जियातून कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांचे फोन रेकॉर्ड करणाऱ्या कंपनीलाही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हाच नियम लावला. त्यामुळे हे रेकॉर्डिंग त्याच्या कंपनीला, तिथल्या ओळखीच्यांना किंवा तिथल्या वकिलाला पाठवू नका, आणि यापुढे रेकॉर्ड करायचेच असेल तर बोलणे सुरू होतानाच तसे सांगा. हल्ली अनेक फोन ती सूचना आपणहून ऐकवतात. ती ऐकूनही समोरचा बोलत राहिला, तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

आता पुराव्याकडे येऊ. इथेच लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण रेकॉर्ड करणे कायदेशीर असले म्हणजे ते कोर्टात आपोआप सिद्ध होते असे नाही. आवाज कोणाचा ते ओळखून द्यावे लागते, छेडछाड झालेली नाही हे दाखवावे लागते, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा पहिला भाग पक्षकार भरतो, दुसरा तज्ज्ञ भरतो आणि फाइलची हॅश किंमतही (फाइलमध्ये जरा फेरफार झाला तरी बदलणारा अंकाक्षरांचा ठसा) त्यात लिहिली जाते. म्हणून मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. फाइल कापून-जोडून 'कामाचा तेवढा' तुकडा काढण्याचा मोह टाळा. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेली प्रत मूळ फाइलच्या जागी चालत नाही. इथले आणखी एक: तुमचे बोलणे मराठीत असणार आणि आपल्या जिल्हा न्यायालयाचे काम हिंदीत चालते, तेव्हा शब्दशः मराठी उतारा आणि शेजारी हिंदी अनुवाद असे दोन्ही तयार ठेवा. 'बघू, देतो की' हे कबुली आहे की टाळाटाळ, यावर उलटतपासणीत निम्मा वेळ जातो.

खरी अडचण मात्र मुदतीची आहे, आणि ती तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही. उसन्या पैशाच्या वसुलीचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे कबुलीमुळे नवी मुदत मिळते खरी, पण ती कबुली लेखी, देणेकऱ्याच्या सहीची आणि जुनी मुदत संपण्यापूर्वीची हवी. फोनवरचे तोंडी शब्द कितीही स्पष्ट रेकॉर्ड झाले, तरी तेवढ्याने तुमची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. मामेभाऊ कबूल करतोच आहे, तर त्याच्याकडून रक्कम, पैसे दिल्याची तारीख आणि परतफेडीचा वायदा लिहिलेले सहीचे पत्र मागवा. पैसे बँकेतून गेले असतील तर तो उतारा आजच काढून ठेवा. पत्र येत नसेल, तर मुदत भरण्याआधी वकिलांकडून नोटीस पाठवून दावा लावा. नोटिशीने मुदत थांबत नाही, म्हणून उत्तराची वाट बघत बसू नका.