‘हे सगळं तुमचंच आहे गं’

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं छाटून देते.

“बाबा 79 वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आई 74. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतात. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. एफडी मिळून 90 लाखांच्या आसपास असतील, पेन्शन वेगळी. तरी स्वयंपाकाला बाई लावत नाहीत, रिक्षाऐवजी पीएमटीनं जातात, आणि ऑपरेशनचा विषय काढला की ‘या वयात एवढे पैसे घालायचे?’ लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहा म्हटलं, तर ‘स्वतःचं घर असताना भाडं भरू?’ धाकटा भाऊ पुण्यातच असतो, तोच सगळं बघतो. आम्ही दोघंही इथे चांगलं कमावतो. दर रविवारी मी फोनवर सांगते, बाबा, खर्च करा, आम्हाला काही नको. ते हसतात आणि म्हणतात, ‘हे सगळं तुमचंच आहे गं.’ माझं काय चुकतंय?”

ताई, चुकतंय ते ‘आम्हाला काही नको’ हेच. तुम्ही प्रेमानं म्हणता, पण पलीकडे ते कसं ऐकू जात असेल? 1972 च्या दुष्काळात तुमचे बाबा पंचविशीत असणार. तेव्हा नोकरीला लागलेले असतील, तर दुष्काळी कामांवरची मस्टरंही, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, त्यांनी भरली असतील. खडी फोडायला आलेली माणसं ज्यानं पाहिली, त्याच्यासाठी बँकेतली रक्कम म्हणजे नुसते पैसे नसतात. पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं लेकीला द्यायला जावं आणि लेक म्हणते, नको. मग ते अजून घट्ट धरून बसतात. कधीतरी लागेलच हिला, असं म्हणत.

म्हणून आधी काहीतरी घ्या. खरंच घ्या. तुमच्या मुलीच्या कॉलेजची एका सत्राची पुस्तकं आजोबांच्या पैशांतून येऊ देत. आईच्या पाटल्या नातीला द्यायच्या असतील तर त्या आईच्या हातून, आईच्या डोळ्यांदेखत नातीच्या हातात जाऊ देत. लॉकरच्या किल्लीबरोबर मागाहून नकोत. देण्याची हौस थोडी फिटली की स्वतःवर खर्च करायला माणूस जरा सैल होतो. हे मी आमच्या घरात पाहिलंय. सासूबाईंनी नातवाला सायकल घेऊन दिली आणि त्याच आठवड्यात, कुणी न सांगता, श्रवणयंत्र बघायला गेल्या.

आता हिशेब. तो बाबांच्या नावानं करू नका, आईच्या नावानं करा. पुष्कळ घरांत इथेच गफलत होते. बाबा पाच वर्षांनी मोठे आहेत, म्हणजे आईची काही वर्षं एकटीनं जाण्याची शक्यता धरायला हवी. सरकारी पेन्शन साधारण शेवटच्या पगाराच्या 50 टक्के असते, त्यांच्यामागे आईला मिळणारी फॅमिली पेन्शन 30 टक्के. घर तेच, वीजबिल तेच, आणि त्यात दिवसरात्र राहणारी बाई आली की ती पुरवणाऱ्या ब्युरोचं बिल. औषधं, फिजिओथेरपी, घरी येणारे डॉक्टर असं सगळं धरून महिन्याला 60 हजार म्हटले तर 10 वर्षांचे 72 लाख होतात, महागाई न धरता. व्याज येत राहील, पेन्शनही थोडी असेल, त्यामुळे 90 लाखांत आईचं नीट निभेल. पण उधळायला सांगण्याइतकी ती रक्कम मोठी नाही, हेही तुम्ही एडिसनमध्ये बसून मान्य करायला हवं. बाबांची भीती अगदीच बिनबुडाची नाही. बाबांना सांगायला तुमच्याकडे आता आकडा आहे: हे आईचे, यांना हात लावायचा नाही, आणि याच्यावर जे व्याज येतं ते याच वर्षी खर्चायचं.

ते व्याजही नीट यायला हवं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा 2023 पासून माणशी 30 लाख आहे. 8.2 टक्क्यांनी 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये खात्यात पडतात. दोघांची खाती धरली तर 1 लाख 23 हजार. स्वयंपाकाच्या बाई, रिक्षा आणि लिफ्टवाल्या घराच्या व स्वतःच्या घराच्या भाड्यातला फरक यातूनच निघेल, मुद्दलाला धक्का न लावता. आणि भावाला एक बघायला सांगा: एफडी कुठल्या बँकांत आहेत? पाव-अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून आपल्याकडची वडीलमंडळी सगळं एकाच सहकारी बँकेत ठेवतात. विमा एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच असतो. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये तिचा परवाना गेला. पुण्यात हे कुणाला सांगायला नको, पण एफडी नूतनीकरण करताना कुणाला आठवतही नाही.

‘तुमच्यासाठी ठेवलंय’ म्हणतात ते तुमच्यापर्यंत पोचतं कसं, हेही बाबांना एकदा समजावून सांगा. भारतात 1985 पासून वारसा कर नाही, त्यामुळे लोकांना वाटतं सोपं आहे. पण पैसे आधी तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपया खात्यात येणार, तिथून बाहेर काढायला सीएचं प्रमाणपत्र. मर्यादा वर्षाला 10 लाख डॉलर, ती तुम्हाला पुरून उरेल, पण कागद सुटत नाहीत. अमेरिकेत वर्षाला 1 लाख डॉलरच्या वर वारशानं आलं तर त्यावर कर नसतो, मात्र तिथल्या करखात्याला कळवण्यासाठी फॉर्म 3520 भरायचा असतो, आणि तो राहिला तर दंड रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत जातो. फ्लॅट तुम्ही विकायला काढलात तर खरेदीदाराला तुमच्या पैशांतून मोठा टीडीएस कापावा लागतो. निवासी विक्रेत्याचा 1 टक्का कापून मोकळं होता येतं, म्हणून अनिवासी मालक म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं. शिवाय 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घरावर इंडेक्सेशन (महागाईनुसार वाढवलेली खरेदी किंमत) धरून 20 टक्के कर भरायचा की न धरता 12.5, ही निवड निवासी माणसाला आहे, तुम्हाला नाही. थोडक्यात, बाबांच्या हातातला रुपया तुमच्या हातात येईपर्यंत रुपया राहत नाही.

पत्रात नाही, पण विचारून ठेवते: बाबांनी एफडीवर तुमचं नाव दुसरं म्हणून घातलंय का? बहुतेक घातलेलं असतं, ‘सोयीसाठी’. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही 10 हजार डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर, म्हणजे अशा खात्यांची अमेरिकी सरकारला द्यायची माहिती, भरावा लागतो, आणि त्यात ही जोडखातीही येतात, पैसा तुमचा नसला तरी. दुसरं नाव भावाचं घाला. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, वाटणी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं होते. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. तेव्हा मृत्युपत्र हवंच. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी.

आता भाऊ. तुमच्या पत्रात तो एका वाक्यात आलाय, ‘तोच सगळं बघतो’. मला तेच वाक्य सगळ्यांत जड वाटलं. रात्री दोनला दवाखान्यात कोण नेतं, सिलिंडर संपला की कोण वर चढतं, सुट्ट्या कुणाच्या जातात? बहिणीचा हक्क भावाइतकाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं तो 1994 मध्ये दिला, देशानं 2005 मध्ये. पण हा फ्लॅट बाबांच्या कमाईचा असेल तर तो कुणाला द्यायचा हे बाबांनी ठरवायचं, आणि समसमान वाटणी इथे न्याय्य आहे असं मला वाटत नाही. मागाहून हक्कसोडपत्र करून देईन, असं मनात ठेवून बसू नका. आत्ताच, वहिनीसमोर, बाबांना सांगा की मृत्युपत्रात फ्लॅट भावाच्या नावे लिहा. तुम्ही उदार आहात म्हणून नाही, त्याचा तो हिशेब आहे म्हणून.

लिहा म्हणते, आत्ताच नावावर करा म्हणत नाही. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, वर थोडे इतर आकार, म्हणून लोक घाई करतात. भाऊ चांगला असला तरी नको. आईबाबांचं घर शेवटपर्यंत त्यांच्याच नावावर राहू दे. दिलेलं घर परत मिळवायला 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, पण त्या वयात मुलाविरुद्ध अर्ज करायची पाळी कुणावर यावी?

भावंडांत कुणी दिव्यांग असेल, किंवा कुणाचा धंदा बसला असेल, तर हे सगळं गणित वेगळं मांडावं लागेल. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

मग लिफ्टचं काय? फोनवर नाही होणार. डिसेंबरात जाल तेव्हा चार दिवस राखून ठेवा. त्याच गल्लीतला, त्याच दूधवाल्याचा, त्याच वाण्याचा, फक्त लिफ्ट असलेला फ्लॅट बघा. कर्वेनगर सोडू नका. स्वतःचा फ्लॅट भाड्यानं द्या, म्हणजे ‘भाडं भरू?’ची धार जाते, फरक काही हजारांचा उरतो. अकरा महिन्यांचाच करार करा, ‘नाही पटलं तर परत येऊ’ असं म्हणायला जागा राहील. जायच्या आधी भावाला एवढंच विचारून घ्या की आई शेवटची खाली कधी उतरली होती, आणि ती तारीख बाबांसमोर म्हणा. भाषण करू नका.

फरकाची रक्कम तुम्ही पाठवू नका, मोह झाला तरी. करारावर सही बाबांची आणि चेक त्यांच्याच खात्यातून जाऊ दे.