जपानी मालिका ‘साइको नो रिकोन’मध्ये कोर्टाशिवाय घटस्फोट कसा होतो? आणि नंतरही ते एकाच घरात का राहतात?

जपानमध्ये दोघांची संमती असेल तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. एका फॉर्मवर नवरा-बायकोच्या सह्या, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या, आणि तो वॉर्ड ऑफिसात द्यायचा. स्वीकारला की घटस्फोट झाला. आपल्यासारखी सहा महिन्यांची मुदत वगैरे काही नाही. मुलं लहान असतील तर ताब्याचा मुद्दा त्याच फॉर्मवर भरावा लागतो. मालिकेतल्या मुख्य जोडप्याला, मित्सुओ (नवरा) आणि युकाला (बायको), मूल नाही, त्यामुळे काम आणखी सोपं.

गोची इथेच आहे. दोघांनी एकत्र हजर राहण्याची सक्ती नाही. म्हणून पहिल्याच भागात युका फॉर्म देऊन मोकळी होते. असं परस्पर होऊ नये म्हणून ‘माझ्या नावाचा फॉर्म स्वीकारू नका’ असा अर्ज आधीच देऊन ठेवता येतो, पण तेवढी दूरदृष्टी मित्सुओकडे कुठली! त्याचं सगळं लक्ष घरातल्या पसाऱ्यावर.

एकत्र राहण्याचं कारण साधं: घरच्यांना, विशेषतः आजीला, सांगायचं कसं? खरी गंमत शेजारच्या जोडीत आहे. अकारी स्वतःला विवाहित समजते, पण र्‍योने लग्नाचा फॉर्म दिलेलाच नाही! म्हणजे एक जोडी कागदावर मोडलेली, दुसरी कागदावर जुळलेलीच नाही.

2013 चे 11 भाग आधी बघा, मग 2014 चा विशेष भाग. तो सोडलात तर गोष्ट अर्धवट राहील.