बेळगावात नाताळला ‘देवाने आधी प्रीती केली’ असं ऐकलं. मग ती मिळवायला आधी चांगलं वागावं लागत नाही का?

नाही, ख्रिस्ती शिकवणीत तशी अट नाही. सुरुवात देवाकडून होते. आधार बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात (अध्याय 4, ओवी 10): आपण देवावर नव्हे, त्याने आपल्यावर प्रीती केली. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 2) तर येशूच्या जन्माची खबर आधी मिळते रात्री कळप राखणाऱ्यांना. खूण काय, तर बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलेलं बाळ! चिकोडी-निपाणीकडे शेतात बकरी बसवणाऱ्या धनगराला ही गोष्ट वेगळी समजावावी लागणार नाही. मात्र ‘मग कसंही वागा’ असा अर्थ काढू नका. योहानाच्या त्याच पत्रात 4:20 ला दिसणाऱ्या भावाचा द्वेष करून न दिसणाऱ्या देवावर प्रीती सांगणाऱ्याला सरळ लबाड म्हटलंय. आणि आमच्या सीमाभागात तो भाऊ कानडी बोलणाराही असतो, हे काहींना जड जातं.