त्याला झोप लागते का?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉमिकची ४० पानं काल एका बैठकीत वाचली. मारामारी तुला छान जमते. गच्चीवरच्या उडीची चौकट तर मी दोनदा मागे जाऊन पाहिली. कौतुक इथेच उरकते, कारण मला वेगळंच बोलायचं आहे.

२२व्या पानावर तुझा चौदा वर्षांचा साइडकिक, नायकाचा छोटा साथीदार, पहिल्यांदा एका माणसाचा हात मोडतो. हाडाचा आवाज तू चौकटभर अक्षरांत काढला आहेस. २३व्या पानावर तो वर्गात बसून मित्राशी हसतोय. मधली रात्र कुठे गेली?

त्या मुलाला तो आवाज पुन्हा ऐकू यायला हवा. शेजारच्या बाकावर कुणाची पेन्सिल मोडली तरी. आणि एक गोष्ट लिहायला घाबरू नकोस: हात मोडला तेव्हा क्षणभर त्याला बरं वाटलं होतं. भीतीपेक्षा मुलं हेच जास्त लपवतात. आपल्याला मजा आली, म्हणजे आपण त्या गुंडांसारखेच का, हा प्रश्न चौदाव्या वर्षी एकट्याने सोडवता येत नाही. विचारणार कुणाला? ज्याला विचारायचं, त्यानेच तर शिकवलं.

साइडकिक कुठून आला ते आठव. बॅटमनचा साइडकिक रॉबिन १९४० साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात आला. लेखक बिल फिंगर यांची अडचण साधी होती: बॅटमनला बोलायला कुणी नव्हतं, सारखं मनातल्या मनात किती बोलवणार? म्हणजे हा पोरगा जन्मालाच आला तो एका मोठ्या माणसाचं ऐकून घ्यायला. नंतर १९८९मध्ये टिम ड्रेक हा मुलगा नवा रॉबिन व्हायला पुढे झाला, तोही बॅटमनला रॉबिनची गरज आहे, त्याच्यावाचून तो ढासळतोय, हे ओळखून. वाचताना हे उदात्त वाटतं. पण घराघरांत अशी मुलं असतात, जी मोठ्यांचा मूड दार उघडण्याच्या आवाजावरून ओळखतात आणि स्वतःचं रडणं पुढे ढकलतात. तुझा मुलगा त्यांचाच भाऊ आहे, फक्त त्याला मुखवटा आहे.

मेल्यावरही या मुलांचं दुःख त्यांच्या वाट्याला येत नाही. कॅप्टन अमेरिकाचा साइडकिक बकी १९४१चा. १९६४मध्ये वाचकांना कळलं की तो युद्धातच गेला. पण ते कळलं कॅप्टनच्या अपराधी मनातून. १९८८मध्ये दुसऱ्या रॉबिनने, जेसन टॉडने, जगावं की मरावं हे वाचकांनी फोन करून ठरवलं: ५,३४३ मतं मरणाच्या बाजूने, ५,२७१ विरुद्ध. अवघ्या ७२ मतांचा फरक. त्याचा पोशाख पुढे काचेच्या पेटीत लागला, खाली शब्द होते, ‘चांगला सैनिक’. मुलगा नाही, सैनिक! खऱ्या जगात २००० साली संयुक्त राष्ट्रांनी करार केला की अठरा वर्षांखालच्या सैनिकांना प्रत्यक्ष लढाईत उतरू देऊ नये. तुझा नायक तर कुठल्या सैन्यातही नाही. कायदा हातात घेतलेला एक माणूस, आणि त्याच्या मागे एक शाळकरी पोरगा. (अभिमन्यूची गोष्ट मला यासाठीच पटते, की तिथे ‘आम्ही मागोमाग येतो’ म्हणणारे मोठे बाहेरच अडकले हे स्पष्ट सांगितलं आहे.)

मला सगळ्यात जास्त खरं वाटलं ते १९७१चं ‘ग्रीन लँटर्न’ कॉमिक. त्यातल्या ग्रीन ॲरो या नायकाचा चेला स्पीडी हेरॉइनच्या आहारी गेलेला सापडतो, आणि गुरू काय करतो? त्याच्यावर हात उचलतो. पोराची नशा उतरेपर्यंत शेजारी बसते ती ब्लॅक कॅनरी, त्यातलीच एक नायिका. गुन्हेगार ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला स्वतःच्या घरातला मुलगा दिसला नव्हता.

तुझा नायक वाईट नाही, हे मला कळतं. त्याला वाईट करूही नकोस, सोपं होईल. पण ३१व्या पानावर मुलगा रक्ताळलेला ओठ पुसून ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि नायक त्याची पाठ थोपटतो, ती चौकट पुन्हा बघ. तुला ती मायेची वाटली असावी. मला भीती वाटली. दुखलं असं म्हटलं नाही की शाबासकी मिळते, हे पोरगं त्या एका थापेत शिकलं. आता तो कायम ठीकच असणार.

आणि खोटं बोलणं. त्यावर तू एकही पान खर्च केलेलं नाहीस, मी तीन केली असती. पहिल्यांदा डॉक्टरांना तो सांगतो, सायकलवरून पडलो. दुसऱ्यांदा जिन्यावरून. तिसऱ्यांदा डॉक्टर टाका घालताना थांबतात, त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघतात, आणि हळूच विचारतात, ‘घरी सगळं बरं आहे ना?’ त्या क्षणी त्याला रडू येतं, कारण किती महिन्यांनी कुणीतरी विचारलं आहे. पण खरं सांगितलं तर एका माणसाचं सगळं आयुष्य उघडं पडेल. तो हसून म्हणतो, मी धांदरट आहे. घरी जाताना बसमध्ये तो भिंतीला पाठ लागेल अशी जागा शोधतो आणि दारं मोजतो. झोपेतही बहुधा मोजत असेल.

थरथरणारे हात, दचकून जागं होणं वगैरे सगळेच काढतात. तू एखाद्या चौकटीत आटप.

तेव्हा २२ आणि २३च्या मध्ये एक पान घाल. संवाद नको. रात्रीचे तीन वाजलेत, तो मोजे न काढता पलंगाच्या कडेला बसलाय, एवढंच. आणि नायक तेव्हा काय करत होता, तेही तुला माहीत असू दे, काढलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
जुनी संपादक

ता. क. ३७व्या पानावर मुलाची आई दाराशी उभी दिसते, एकाच चौकटीत, हातात त्याचा फाटका शर्ट. ती काहीच विचारत नाही. तिला किती माहीत आहे, हे तू ठरवलं आहेस का?